चौकटीवरची ओळ

दोन हजार तेवीस साल, फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. अमडापूरला एसटीतून उतरताना जयमालाबाईंनी आधी लॅपटॉपची बॅग आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या, दीपकच्या हातात दिली, मग पदर खोचला आणि मग पाय खाली ठेवला. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस असं क्रमानं उतरतं.

"अजून बी सांगतो, मॅडम," दीपक म्हणाला. "एक ओळ तर आहे. पुसून टाकतो. कोनाले मालूम पडते?"

"आपल्याला पडतं ना."

वेबसाइट बांधायला आधी एक तयार सांगाडा लागतो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. मेहकरच्या कॉलेजात शिकवत होत्या तेव्हापासून जयमालाबाई त्याला चौकट म्हणत आल्या, आणि त्यांची पोरंही तेच म्हणायला लागली. त्यांनी शिकवलेली चौकट जगानं केव्हाच टाकून दिली होती. पण ती हलक्या मोबाइलवर, तुटक्या रेंजमध्येही चालायची. म्हणून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचं एक मंडळ ती धरून बसलं होतं. दिवाळीला मेहकरात मेळावा भरवायचं, कॉलेजांना पत्रं लिहायचं, जुनी चौकट वापरा म्हणून सांगत हिंडायचं. लोक हसायचे. मंडळाचा नियम एकच होता : ज्यानं कोडची ओळ लिहिली, त्याला विचारल्याशिवाय ती पुसायची नाही. कधीकाळी दीपकनंच न विचारता दुसऱ्याची ओळ उडवली होती आणि तीन दिवस सगळं ठप्प झालं होतं. नियम तेव्हाचा.

ही ओळ त्यांच्यातल्याच संजीवनीची होती. पान उघडायला उशीर झाला तर आठ सेकंद वाट बघ, एवढंच ती सांगायची. शेजारी संजीवनीनं टीप लिहून ठेवली होती : आमच्याकडं रेंज दमानं येते, घाई करू नये. एकतीस मार्चपासून येणाऱ्या नव्या सर्व्हरला हे थांबणं चालणार नव्हतं. ओळ काढली तर दहा मिनिटांचं काम होतं. ठेवली तर सगळी चौकट तिच्याभोवती नव्यानं जुळवावी लागणार होती, आणि तोवर मंडळातल्याच संग्रामपूरच्या काजलची साइट बंद राहणार होती. त्या साइटवर दोनशे बायका आपापसांत बियाणं बदलून घेत.

संजीवनीला विचारता येत नव्हतं. ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. राहिले तिचे वडील नारायणराव, इथं अमडापुरात.

रस्त्यावर दुपार पसरली होती. सोंगलेल्या हरभऱ्याचा आंबूस वास येत होता आणि दूर टेकडीवरचं देवीचं देऊळ उन्हात पाण्यावर ठेवल्यासारखं हलत होतं. पुढच्या वळणावर संजीवनी सायकल धरून उभी असेल, मॅडम, इकडून या म्हणेल, असं जयमालाबाईंना सारखं वाटत राहिलं. वळण आलं. तिथं एक शेळी उभी होती.

नारायणराव घरात सुपात हरभरा निवडत बसले होते. त्यांनी मॅडमना ओळखलं, सतरंजी टाकली, पाणी दिलं.

"संजीवनीनं चौकटीवर एक ओळ लिहिली होती," जयमालाबाई म्हणाल्या. "ती आता काढावी लागते आहे. तुम्हाला विचारायला आलो."

नारायणरावांचा हात सुपात थांबला.

"भागवतनं धाडलं न तुमाले?"

"कोण भागवत?"

"माहा पुतन्या. दोन वर्सांपासून तेच लावलं त्यानं. काढा, काढा."

"नाही हो, आम्ही आमचे आलो. त्या ओळीनं दोनशे बायकांचं काम अडणार आहे."

"दोनशे बायांचं?" नारायणराव बघतच राहिले. "एका ओळीनं?"

"चौकट तशीच राह्यते, काका," दीपक पुढं सरकला. "तिले धक्का लागत नाही. ओळ तेवढी जाईन. खरं सांगतो, दोन मिन्टं बी लागत नाही. बटन दाबलं का साफ."

"मशीन आनली का?"

"हाव न. हे काय, बॅगीत आहे."

नारायणरावांनी बॅगेकडं पाहिलं. मग सूप बाजूला सारून ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

"नाही जमनार, बाई. तुमी तिच्या मास्तरीन, तुमचा शब्द मोडू नये. पन त्या ओळीले मी हात नाही लावू देत. तुमची मशीन बाहीर घेऊन जा."

दीपक बॅग उचलून बाहेर गेला. जयमालाबाई मागून निघाल्या. दार बुटकं होतं. वाकताना त्यांनी चौकटीला हात धरला आणि हाताखाली काहीतरी खरखरलं. बैलांच्या शिंगांना लावायचा निळा रंग. वेडीवाकडी, पोरवयातली अक्षरं, पण वळण ओळखीचं : बाबा, भाकर झाकून ठेवली. मी येतेच.

त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या.

मग मागं वळल्या. नारायणराव त्यांच्याकडं नाही, अंगणातल्या बॅगेकडं पाहत होते. एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं.

"नाही काढणार," जयमालाबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात ना."

नारायणरावांनी श्वास सोडला.

"मंग बसा न जी. चहा ठेवतो. त्या पोट्ट्यालेही बलवा, मशीन राहू द्या तिकडंच."

परतीच्या एसटीत दीपक खिडकीशी बसला. चिखली जवळ आल्यावर म्हणाला, "मॅडम, म्या पाहिलं ते दारावरचं. काका भलत्याच चौकटीचं बोलून राह्यले होते. उद्या फोन करून समजावतो मी."

"विचारलं ना आपण?"

"विचारलं, पन..."

"मग? नाही म्हणाले."

दीपकनं कपाळावर हात मारून घेतला आणि खिडकीबाहेर पाहत बसला.

ती ओळ तशीच राहिली. तिच्याभोवती सगळं नव्यानं जुळवायला सत्तावन्न दिवस लागले. एकतीस मार्चला साइट बंद पडली ती पंचवीस दिवस बंद राहिली. काजलनं फोनवर जयमालाबाईंना चांगलं फैलावर घेतलं, चार दिवस बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी रात्रंदिवस मदतीला बसली. आता मंडळ तीच चालवते. दीपकनं मात्र त्या उन्हाळ्यात मंडळ सोडलं. अशा लोकांबरोबर धंदा होत नाही म्हणाला. खामगावात त्याचं दुकान बरं चाललं आहे. भागवतनं शेजारी स्वतःचं सिमेंटचं घर बांधलं आणि काकांचं जुनं घर पाडायचा नाद सोडला. जयमालाबाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्या आता स्क्रीनवरचं दुसऱ्याकडून वाचून घेतात.

आणि नारायणराव. जुनी चौकट जपणाऱ्यांचा मेळावा, अशी दोन ओळींची बातमी त्यांनी पेपरात वाचली आणि त्याच दिवाळीत ते मेहकरला येऊन पुढच्या रांगेत बसले. तेव्हापासून दरवर्षी येतात. पडद्यावर काय चाललंय ते शेवटपर्यंत नीट बघतात. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी काजलनं विचारलं, कुणाला बोलायचं आहे का, तर ते उठले. टोपी सारखी केली. म्हणाले, पावसाच्या आंधी दरसाल जवसाचं तेल पाजत जा, बुडाशी माती साचू देऊ नका, वाळवी खालून येते.

खोलीत कॉलेजातली तीस-चाळीस पोरं होती. त्यांनी ते लिहून घेतलं.