कडेची जागा

मुलचेऱ्याच्या पोरींचा बेसबॉलचा संघ बाहेरगावी आजवर एकही सामना जिंकला नव्हता, आणि त्यातल्या एकाही सामन्याला बायनाबाई आणि रंभाबाई गैरहजर राहिल्या नव्हत्या. गडचिरोली झालं, भंडारा झालं, एकदा तर थेट अमरावती. पोरी हरायच्या, या दोघी टाळ्या वाजवायच्या, मग सगळ्याजणी मिळून चिवडा खायच्या आणि गाडीत बसायच्या. गाडी सुरू झाली की बायनाबाई म्हणायची, "चांगल्या हारल्या व पोरी! मागच्या खेपेपेक्षा चांगल्या हारल्या."

दोघींची मैत्री भांडणातून उगवलेली. शाळेचं मैदान आणि रंभाबाईचं धानाचं शेत यांच्यामध्ये फक्त एक धुरा, म्हणजे शेताचा बांध. पोरींनी मारलेला चेंडू धुरा ओलांडून धानाच्या बांधीत जायचा, त्याच्यामागे चार पोरी जायच्या आणि उभं धान तुडवलं जायचं. एकदा रंभाबाई चेंडू पदरात बांधून शाळेवर भांडायला आली. शेजारच्या अंगणवाडीतून बायनाबाई मध्ये पडली. या सगळ्या पोरी तिच्या हातची खिचडी खाऊन मोठ्या झाल्या होत्या. ती म्हणाली, "चेंडू ठेवून काय करशील? अंडं देनार हाय काय तो? तू धुऱ्यावर बस. बॉल आला का अडव अन् फेकून दे वापस. धान वाचते, पोरी खेळतेत."

त्या दिवसापासून रंभाबाई संध्याकाळची धुऱ्यावर बसू लागली. पायानं, पदरानं, कधी टोपल्यानं चेंडू अडवू लागली. आणि बसून बसून तिला खेळाचा नाद लागला. बायनाबाई तिच्या शेजारी येऊन बसायची. एक हिंदू शेतकऱ्याची बाई आणि एक बौद्ध अंगणवाडी सेविका. गावात दोघींचे मोहल्ले वेगळे, सण वेगळे. धुरा मात्र एक झाला.

बायनाबाई यंदाच्या पावसाळ्यात वारली.

तिची मुलगी संघप्रिया शिक्षणापासूनच गावाबाहेर, आता भद्रावतीला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिनं आईचं सगळं नीट केलं. धम्मविधी केले, पाहुण्यांना निरोप दिले, आईच्या साड्या घडी करून ज्यांना द्यायच्या त्यांना दिल्या आणि कामावर हजर झाली. लोक म्हणाले, मुलगी धीराची आहे. तिचं तिलाच ठाऊक होतं की आपण रोज पुस्तक उघडतो, पानं उलटतो आणि पानावरचं काही आत शिरत नाही. रडूही येत नव्हतं.

डिसेंबरात रंभाबाईचा फोन आला.

"संघू, बल्लारशाले मॅच हाय पोरीची. तू येतेस काय?"

"मावशी, मला त्यातलं काही कळत नाही."

"तुह्या मायलेही नव्हतं कळत पयले. ऐक व. मास्तर म्हनते, या खेपेले पयल्याच मॅचमंदी हारून आलो तं संघ बंद. पोरी कबड्डीत टाकनार हायेत. मंग मी कुठी बसू? तुही माय गेल्यापासून मी घरी तिचं नावच काढत नाई. कोनापाशी काढू? त्या मॅचमंदीच थोडीबहुत भेटन ते मले."

संघप्रियानं सुट्टी टाकली.

बल्लारशाच्या, म्हणजे बल्लारपूरच्या, मैदानावर ती पोचली तेव्हा खेळ सुरू व्हायचा होता. कागद कारखान्याचा आंबूस वास हवेत होता. मैदानाला जाळी नव्हती, नुसती चुन्याची रेघ आणि रेघेच्या बाहेर सुतळीचा दोर. दोरापलीकडे सतरंजी टाकून रंभाबाई बसली होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पांढरा रुमाल, शेजारी स्टीलचा डबा.

"ये, इथी सावलीत बस. मी उन्हात बसतो. मले सवय हाय." तिनं संघप्रियाला आत, कडुनिंबाच्या सावलीत सरकवलं आणि स्वतः दोराला लागून बसली. संघप्रियाही पाहुण्यासारखी बसली. चूक झाली ती इथंच, पण तेव्हा दोघींच्याही ते ध्यानात आलं नाही.

पोरी मैदानात आल्या आणि संघप्रियाला नवल वाटलं, कारण ती त्यांना ओळखत होती. आईनं फोनवर इतकं सांगितलं होतं! ती काटकुळी, हरणासारखी उभी असलेली म्हणजे मयुरी, धावायला लागली की थांबत नाही. ती पिचर, बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली तुली मंडल, चेंडू टाकण्याआधी ओठ चावते. दांडगी, कपाळावर केस येणारी पिंकी. आणि लांब उभी राहून आभाळाकडे पाहत बसणारी चंचल, जिला आई ‘माही साधू’ म्हणायची.

समोर नागपूरचा संघ होता. एकसारखे बूट, एकसारख्या टोप्या.

"कपडे पाहून भिऊ नोको व पोरी!" रंभाबाई ओरडली. "कपडे धुतले का सारखेच!"

नागपूरच्या दोन मुली हसल्या. अंपायरही हसला.

खेळ संघप्रियाला हळूहळू उमगत गेला. पिचरनं टाकायचं, समोरचीनं मारायचं, मारून तीन बेस ओलांडत पुन्हा सुरुवातीच्या जागी, होमला यायचं. आलं की रन. तिघी बाद झाल्या की पाळी बदलते. दोन्ही संघांच्या अशा सात-सात पाळ्या. रंभाबाई समजावून सांगायची ते निम्मं बरोबर असायचं, पण सांगायची अशा थाटात की शंका घ्यायची सोय नव्हती.

चार पाळ्या झाल्या तरी तीन-तीन अशी बरोबरी होती. मुलचेऱ्याच्या पोरी इतका वेळ बरोबरीत कधीच राहिल्या नव्हत्या. पोरींना खेळ शिकवणाऱ्या प्रफुल मास्तरांनी घामेजून शर्टाची वरची बटणं उघडली.

पाचव्या पाळीत मुलचेऱ्याच्या दोघी बाद झालेल्या. पहिल्या बेसवर मयुरी. पिंकीनं बॅट फिरवली आणि असा काही आवाज आला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. चेंडू रेघेच्या आतून सरपटत, उसळत, मैदानाच्या कडेकडेनं निघाला. मयुरी सुटली. दुसरा बेस, तिसरा बेस. नागपूरची मुलगी चेंडूमागे जीव खाऊन धावत होती. चेंडू दोरापाशी आला, आणि रंभाबाईनं दोराखालून पाय आडवा घातला.

चेंडू थांबला. रंभाबाईनं तो उचलला, आणि इतकी वर्षं धुऱ्यावर करत आली तसा, धापा टाकत आलेल्या त्या नागपूरच्या मुलीच्या हातात अलगद टाकला. "घे माय."

तोवर मयुरी होमला पोचून नाचत होती. पण अंपायरनं दोन्ही हात वर केले होते. प्रेक्षकानं चेंडू अडवला, खेळ तिथंच थांबला. मयुरी परत तिसऱ्या बेसवर, पिंकी दुसऱ्यावर. रन नाही. प्रफुल मास्तर धावत गेले, हात जोडून बोलले, परत आले. नियम नियमच होता. आणि पुढची पोरगी तीन चेंडूंत बाद होऊन परतली.

बरोबरी तशीच राहिली. दोराच्या कडेनं कोणीतरी म्हणालं, "अवो बाई, तुमी कोनाच्या पार्टीच्या?" लोक हसले.

रंभाबाई हसली नाही. तिनं डबा उचलला, चप्पल पायात घातली आणि फाटकाकडे चालू लागली.

संघप्रिया मागे धावली. पाण्याच्या टाकीजवळ, मैदानाकडे पाठ करून रंभाबाई खाली बसली होती.

"मावशी, चल."

"नाई. माह्या पायानंच पोरीचा रन खाल्ला. माहा पायगुनच खराब. तुही माय होती तं निभत होतं."

"आई काय करायची?"

"ते मले कडंले बसूच देत नव्हती. ‘रंभे, तुह्या पायाचा भरोसा नाई, आत सरक,’ म्हने. स्वता दोरापाशी बसे. बॉल आला का माहा पदर धरून ठेवे." तिनं नाक पुसलं. "आज ते नाई, हे माह्या ध्यानातच नाई रायलं. सरळ कडंले जाऊन बसली."

मागून चेंडूचा आवाज आला, लोक ओरडले. कोणाच्या बाजूनं ते कळलं नाही. रंभाबाईची मान वळली, पण तिनं ती पुन्हा जागेवर आणली.

"मावशी, पायगुणाचं खरं धरलं तर इतकी वर्षं हरलो ते कोणाच्या पायानं? आईच्या?"

"ए! तिले काहीच नको म्हनू!"

"मग तुझ्या पायाला तरी काऊन नावं ठेवते?" ती आपसूक आईच्या बोलीत उतरली. "अन् मले खेळ समजत नाई. तू इथी बसली, तं मी तिथी कोनाले विचारू? नागपूरवाल्याईले?"

रंभाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग उठली, लुगडं झटकलं. "नागपूरवाल्याईले काय विचारतेस! त्याईले काय समजते!"

सतरंजीपाशी आल्यावर संघप्रियानं तिला सावलीत सरकवलं आणि स्वतः दोराला लागून बसली. ऊन सरळ तोंडावर येत होतं. दोर हाताला काचत होता. तिथून मैदान वेगळंच दिसत होतं: पोरींचे श्वास ऐकू येत होते, धूळ अंगावर येत होती. आई इथून बघायची तर.

सातवी, शेवटची पाळी आली तरी तीन-तीनच. मयुरी तिसऱ्या बेसवर पोचलेली, एकजण बाद. बॅट घ्यायला आली चंचल.

"आता पाहा, लंबा मारते हे," रंभाबाई म्हणाली. "पार टाकीपावतर!"

चंचलनं मारलंच नाही. शेवटच्या क्षणी बॅट नुसती आडवी धरली. चेंडू बॅटला लागून तिच्या पायापुढं मेल्यासारखा पडला. नागपूरच्या मुली दूर, मोठ्या फटक्याच्या तयारीत उभ्या होत्या. त्या पुढं येईस्तोवर मयुरी घसरत, धुळीचा लोट उडवत होमवर आली होती.

चार-तीन.

"मी म्हनलं नोतं काय!" रंभाबाईनं संघप्रियाच्या पाठीत धपाटा घातला.

"तू तर लांब मारते म्हणाली!"

"तेच ते!"

आता नागपूरची शेवटची पाळी. तुलीनं ओठ चावला. पहिली बाद झाली. दुसरीही बाद झाली. मग तुलीचा हात दमला आणि एक, आणखी एक अशा दोघी बेसवर जाऊन बसल्या. नागपूरकडचे लोक टाळ्यांचा ताल धरू लागले. ताल वाढत गेला. तुलीनं चेंडू हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. खांदे खाली गेले होते. मुलचेऱ्याच्या बाजूनं कोणीच ओरडत नव्हतं. रंभाबाई तोंडात पदर कोंबून बसली होती.

"तुली!"

आवाज इतका मोठा आणि इतका उघडा होता की रंभाबाई दचकून वळली. संघप्रिया उभी होती. स्वतःचा आवाज ऐकून तिलाही धक्का बसला. पण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं.

"तुली! टाक वं पोरी! भेऊ नको! टाक!"

तुलीनं मान वर केली. दोराकडं पाहिलं, आणि चेंडू टाकला.

नागपूरच्या मुलीनं तो पूर्ण ताकदीनं मारला. चेंडू वर गेला, खूप वर, उन्हात दिसेनासा झाला. बेसवरच्या दोघी जिवाच्या आकांतानं धावत सुटल्या. खाली पिंकी धावली आणि चंचलही धावली. असे कितीतरी चेंडू या पोरींनी एकमेकींकडं बघत, दोघींच्या मध्ये पडू दिले होते.

"माहाच!" चंचल किंचाळली. "सरक!"

पिंकी जागीच थांबली. चंचलनं, आभाळाकडं पाहत बसणाऱ्या त्या साधूनं, दोन्ही हात वर केले आणि चेंडू ग्लोव्हमध्ये येऊन बसला. तिनं तो छातीशी गच्च धरला, जणू कोणी काढून घेईल.

पुढचं सगळं एकदम झालं. पोरी चंचलवर जाऊन पडल्या. प्रफुल मास्तर मैदानात मध्येच खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हसत राहिले. रंभाबाई दोर ओलांडून धावली, एक चप्पल मागं राहिली, तिला त्याचं भान नव्हतं. कपाळाला धूळ लागलेल्या पोरींचे मुके घेत ती एकच म्हणत होती, "जितल्या व! जितल्या माह्या पोरी!"

संघप्रिया दोरापाशीच उभी राहून रडत होती. हमसून हमसून, मोकळं. नागपूरच्या एका आईनं पाण्याची बाटली पुढं केली तर ती हसली, पाणी प्यायली आणि पुन्हा रडली.

"कोनाची पोरगी व तू?" मयुरीनं जवळ येऊन विचारलं. "आमच्या बायनाबाईसारखी ओरडली एकदम."

"तिचीच."

मयुरीनं मागं वळून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक दिली, "पोरी हो, इकडं या! बायनाबाईची संघू आली हाय!" आणि त्या साऱ्याजणी, धुळीनं माखलेल्या, तिच्या अंगावर येऊन आदळल्या.

पुढचा सामना उद्याच होता, इथंच. संघाला रात्री शाळेत मुक्काम मिळाला. रंभाबाई चप्पल शोधत म्हणाली, "तू तं जाशीन आता. भद्रावतीची एसटी हाय पाच वाजता."

संघप्रियानं पर्समधून फोन काढला आणि कॉलेजात लावला.

"सर, मी उद्याही येत नाही," ती म्हणाली. "नाही, नाही, घरी सगळं ठीक आहे. आमची मॅच आहे."