आईचं बटण

“एका वाक्यात सांग. स्टोअरमधून उतरवायचं ॲप, की ब्राउझरमध्ये चालणारं?” घाईसाहेबांनी विचारलं. ते कंपनीचे मालक; हे नाव त्यांच्या माघारी.

“ब्राउझरमधलं,” ती म्हणाली. अशी ॲप्स बनवणं हेच तिचं काम. “उतरवायची भानगड नाही, जुन्या फोनवरही चालतं, आणि…”

फोन थरथरला. बाबा.

*

“अगं, तुझी आई बोलत नाहीये.”

*

आई गेल्या वर्षी गेली. आजारपणात, स्वयंपाकघरात बसून तिने एकच वाक्य रेकॉर्ड केलं होतं. “अहो, गोळी घेतलीत का? चहाबरोबर नाही, पाण्याबरोबर.” मागे नळ गळतोय.

त्याचं मुलीने ब्राउझरमध्ये चालणारं छोटं ॲप केलं आणि बाबांच्या फोनवर आईच्या फोटोचं बटण ठेवून दिलं. दाबलं की आई बोले. बाबा म्हणत, “घेतो गं, घेतो,” आणि घेत. मुलीने सांगितलं तर म्हणत, “तू नको शिकवू.”

आवाज फक्त त्या फोनमध्ये होता. आई परक्याच्या सर्व्हरवर नको, असं तिला वाटलं होतं. दुसरी प्रत? करू निवांत.

*

बाबांनी दारातच फोन पुढे केला. बटण जागेवर. फोटो हसरा. दाबलं.

काही नाही.

फोन गच्च भरला होता. जागा संपली की ब्राउझर स्वतःकडे साठवलेलं सामान मुकाट्याने टाकून देतो; आईचा आवाज त्यातच गेला होता. स्टोअरमधून उतरवलेल्या ॲपमधलं असं न विचारता जात नाही. हे तिला पाठ होतं. मीटिंगमध्ये ती हे सर्वांत शेवटी सांगायची. तोवर घाईसाहेब उठलेले असायचे.

“एवढं काय भरलंय यात, बाबा?”

व्हिडिओ. सगळे आईच्या कुंड्यांचे. पाणी घालणारा बाबांचा हात, ओली माती, एक नवं पान.

“तिला दाखवायला,” बाबा म्हणाले. “नाहीतर म्हणेल, झाडं वाळवलीत.” मग आवाज खाली आला. “माझ्याकडून काही बिघडलं का गं?”

“नाही बाबा. फोन म्हातारा झालाय.”

“माझ्यासारखा, असं म्हण की सरळ.”

ती हसली. हसावंच लागलं.

*

“मग? ब्राउझरच ना?” दुसऱ्या दिवशी घाईसाहेब.

“लोक त्यात काय ठेवणार आहेत, त्यावर आहे.”

“एका वाक्यात म्हटलं होतं.”

“एकच आहे, साहेब.”

*

संध्याकाळ. ती बाबांच्या दाराशी उभी. आत जावं, आपणच सांगावं, गोळी घ्या. पाय उचलला नाही.

बाबांनी बटण दाबलं. आईला बोलायला लागायचा तेवढा वेळ थांबले. मग चहाचा कप बाजूला सरकवला आणि पाण्याचा पेला ओढला.

“घेतो गं, घेतो.”