फळीची गाठ

बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रंभा पंधरा दिवस कल्याणला काय गेली, इकडे होडी रंगवूनही झाली! ठाण्याच्या खाडीकाठी उलटी टाकलेल्या होडीचं पोट लालभडक दिसलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"कोणी रंगवली गं ही?"

"मी, आई. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आलीय," सून प्रीती म्हणाली. माजिवड्याच्या बिल्डिंगीत वाढलेली पोर ती, खाडी जवळून बघितली ती लग्नानंतरच.

"दुकानदारानं गळ्यात मारला आणि तू फासलास!"

पाण्याखालचा रंग रंभानं कधी दुकानदाराला विचारून घेतला नव्हता. दरवर्षी होळीला ती एका फळीवर चार कंपन्यांच्या चार रंगांचे पट्टे मारायची आणि फळी दोरीनं धक्क्याखाली खाडीत सोडायची. ज्या पट्ट्यावर शिंपले धरणार नाहीत, तोच रंग होडीला.

प्रीती काही बोलायच्या आत ती तरातरा धक्क्यावर गेली आणि फळी वर ओढली. काळा, निळा, हिरवा, तिन्ही पट्टे शिंपल्यांनी खरखरीत झालेले. लाल मात्र स्वच्छ!

रंभाचा जीव भांड्यात पडला. नशीब, म्हणत ती खांबाची दोरी सोडायला वाकली आणि थबकली. ही तिची गाठ नव्हती. बुटाची नाडी बांधतात तसं फूल होतं ते. म्हणजे रंगवायच्या आधी फळी कुणीतरी वर काढून बघितली होती.

मागून प्रीती आली. "आई, रागावलात?"

"रागावू नको तर काय? बस इथे. होडी बांधायला ही गाठ चालायची नाही."