जड झोळी

दुपारी रुद्र निजला की त्याच्या झोळीची दोरी मी पायाच्या अंगठ्यात अडकवते आणि मांडीवर लॅपटॉप उघडते. बाळाला घेऊन सासरच्या गावी, डोंगरकड्याला, आल्यापासून माझी प्रयोगशाळा एवढीच.

परदेशातल्या एका यंत्रात सोन्याची अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सोन्याच्याच पातळ पत्र्यावर आदळवतात. क्षणभर तिथलं द्रव्य इतकं दाबलं जातं, की तसं एरवी फक्त विझलेल्या ताऱ्यांच्या पोटात सापडावं. टकरीतून जितके जास्त कण उडतात, तितकी ती समोरासमोरची, तितकं द्रव्य दाट. त्या नोंदी माझ्याकडे येतात, मी कण मोजते.

यंदा आलेखाच्या टोकाला, सगळ्यात दाट टकरींच्या जागी, एक उंचवटा आला होता. खरा असला तर मोठीच गोष्ट. माझ्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम हरखल्या होत्या. शुक्रवारी तो देशोदेशीच्या गटापुढे मांडायचा होता, माझ्या नावानं. मी मात्र तो पुन्हा पुन्हा तपासत होते. एका टकरीतून इतके कण? चूक सापडत नव्हती आणि विश्वासही बसत नव्हता. खोटा निघाला असता, तर माझ्या बाकीच्या कामावर तरी कुणी का भरवसा ठेवावा?

त्या दुपारी मी न्हाऊन आले, दोरी अंगठ्यात घातली आणि ओढली. जड लागली. जीव सुखावला. रुद्र अंगानं बारीक. त्याच्या वजनाचा घोर मला उंचवट्याइतकाच होता.

"आत्याबाई," ओसरीवर हळद निवडत बसलेल्या सासूबाईंना मी म्हटलं, "लेकरानं अंग धरलं बघा. दोरी कशी जड लागायली."

आत्याबाईंनी शेजारच्या फातिमाबींकडे पाहिलं. फातिमाबींनी तोंडाला पदर लावला.

"जड काहून लागणार न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "उघडून तर बघ."

मी झोळीची कड बाजूला केली. चार पाय. रुद्रच्या कुशीत फातिमाबींची नात आयेशा गाढ झोपलेली, तिची मूठ त्याच्या कानावर.

"निवडायला बसायचं व्हतं, म्हणून टाकली तुझ्या लेकराजवळ," फातिमाबी म्हणाल्या. "तकलीफ झाली का गं?"

"तिला कसली तकलीफ," आत्याबाई म्हणाल्या. "आमची सून अणूच्या आतलं बघती. झोळीतलं तेवढं दिसंना तिला."

"दोरी ओढून कसं दिसंल आत्याबाई," मी हसत म्हटलं आणि तिथंच थांबले.

मीही दोरीच ओढत होते. कण जास्त भरले, म्हणून टक्कर दाट धरत होते. दोन टकरी इतक्या लगोलग झाल्या असतील, की यंत्रानं त्या एकच म्हणून टिपल्या, तर? अशा जोडटकरी गाळायची चाळणी आमच्याकडे होती, पण ती केंद्रकांच्या जुन्या, विरळ झोताच्या बेतानं केलेली. यंदाचा झोत जोरकस होता.

आत्याबाईंनी दोरी माझ्या अंगठ्यातून काढून स्वतःच्या हातात घेतली. "जा, कर तुझं. दोघंबी माझ्याकडं."

गच्चीवर रेंज येते. वाळत घातलेल्या हळदीशेजारी बसून मी त्या टकरींतल्या कणांच्या वाटा मागं मागं नेल्या. टक्कर एकच असेल तर सगळ्या वाटा एका बिंदूला मिळतात. या दोन बिंदूंना मिळत होत्या, अगदी जवळजवळच्या. एकीत तसं, दुसरीत तसं, तिसरीत तसंच. नवी चाळणी लावली तेव्हा ऊन उतरलं होतं. उंचवटा गेला. राहिला तो सरळ, शांत उतार.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

"बरं झालं, घरातच सापडलं," त्या म्हणाल्या. "बाहेर सापडलं असतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती. बाकीचा आलेख?"

"जागेवर आहे. एक बिंदूही हलला नाही."

"मग शुक्रवारी तोच मांडू. आणि ही चाळणी तू स्वतः समजावून सांग. बाकीच्यांनाही लागेल." मग आवाज बदलून, "पोरगं कसंय?"

"बारीकच आहे, मॅडम," मी म्हटलं, आणि का कोण जाणे, हसूच आलं.

खाली आले. फातिमाबी चहा टाकत होत्या. आत्याबाईंकडून दोरी घेऊन मी अंगठ्यात अडकवली. झोळी जडच होती. आत वाकून चारही पाय पाहून घेतले, भिंतीला टेकले, आणि लॅपटॉप न उघडताच डोळे मिटले.