उजव्या चाकाचा टक

"आत्ता ऐकला का, तात्या?" स्टिअरिंग पूर्ण फिरवत मोहिनीने विचारलं.

शेजारी बसलेल्या रखमाजी कोकरेने मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि परवासारखंच पुन्हा खोटं बोलला. "व्हय की. डावीकडनंच येतोय."

मोहिनीने ब्रेक दाबला. किकवीच्या त्याच्या गॅरेजपुढच्या मोकळ्या जागेत गाडी थांबली. ती समोरच्या काचेतून हायवेकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे तोंड वळवून सावकाश म्हणाली, "तात्या, आत्ता न्हाई वाजलं."

रखमाजीचं तोंड एवढंसं झालं.

कान हीच तर त्याची मिरास होती! वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या वाडीत शेरडं राखायचा, तेव्हा कुठली शेळी कुठल्या ओढ्यात उतरली ते तो तिच्या गळ्यातल्या घंटीवरून सांगायचा. तेच कान घेऊन तो खाली हायवेवर आला आणि गाड्यांच्या धंद्यात शिरला. टेम्पोवाले म्हणायचे, बॉनेट उघडू नका, तात्यासमोर गाडी नुसती चालू करा. आणि तात्याही काही कमी नव्हता. डोळे मिटून, हनुवटी वर करून असा ऐकत उभा राहायचा की बघणाऱ्याला वाटावं, देवाशीच बोलतोय.

पुढे कानांनी हळूहळू दगा दिला, पण तो त्याच्या लक्षात आला नाही. समोरच्या माणसाचं बोलणं कळत होतं. डिझेलची गाडी असली की तिची थरथर पायातून, हातातून अंगात यायची आणि आपण ऐकलं असंच त्याला वाटायचं. मोहिनीच्या विजेच्या गाडीला इंजिनच नव्हतं. ना घरघर, ना थरथर. त्यामुळे एवढासा टक असला तरी आत बसलेल्या सगळ्यांना ऐकू येत होता, एकट्या रखमाजीला सोडून.

मोहिनी वरवे बुद्रुकची. नसरापूरहून शाळेतल्या शिक्षिकांना रोज गाडीतून वेल्ह्याकडे नेऊन परत आणायची. गेल्या आठवड्यापासून वळण आलं की चाकाशी टक वाजायचा आणि मागच्या बाया सीट गच्च धरायच्या. त्यातल्या एकीने सोमवारपासून आपण एसटीने जाणार असं सांगूनही टाकलं होतं. एक उठली की बाकीच्याही उठणार, हे मोहिनीला कळत होतं. परवा ती थेट रखमाजीकडे आली होती. तेव्हा त्याने हनुवटी वर केली, काहीच ऐकलं नाही, आणि डाव्या चाकाचा जॉइंट गेलाय असं ठोकून दिलं. जबर विजेच्या केशरी वायरींना हात न लावता, फार जपून त्याने तो बदललाही. काढलेला जॉइंट हातात फिरवून बघितला तेव्हा तो धडधाकट होता. त्याने तो गुपचूप भंगारात टाकला. टक मात्र गेला नाही.

आता त्याच्या ओठावर उत्तर तयार होतं. बारीक वाजला, तुज्या ध्यानात आला न्हाई. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण मोहिनी आता खाली बघत होती आणि स्टिअरिंगच्या कव्हरवर नसलेली धूळ नखाने खरवडत होती. तिने आवाज चढवला असता तर त्यानेही चढवला असता. तिलाच त्याच्यासाठी लाजल्यासारखं झालं होतं, आणि ते त्याला बघवेना.

"मला ऐकू येत न्हाई, पोरी," तो म्हणाला. "बारीक आवाज कानाला लागतच न्हाई. परवा बी न्हाई आला. तुजा चांगला जॉइंट म्या उगाच काढला."

तिने मान वर केली. "मग आता वं?"

"आता तू ऐक. गाडी हितंच उभी ठेव, निस्तं स्टिअरिंग फिरव. वाजलं की हात वर कर. म्या हात लावून बघतो."

तो उतरला आणि चाकाशी गुडघे टेकून बसला. डाव्या चाकाच्या वरची स्प्रिंग मुठीत धरली. मोहिनीने स्टिअरिंग फिरवलं. स्प्रिंग निमूट फिरली. त्याने वर बघितलं, तिचा हात खालीच होता. मग तो उजवीकडे गेला. तिथली स्प्रिंग फिरायला आढेवेढे घेत होती. अडली, पिळली आणि एकदम सुटली. गाभण शेळीच्या पोटावर हात ठेवल्यावर आतून करडाने ढुसणी द्यावी, तशी त्याच्या तळव्याला बसली. त्याने मान वर केली. काचेमागे मोहिनीचा हात वर होता.

बिघाड होता तो स्प्रिंगच्या डोक्यावरच्या बेअरिंगमध्ये, वळताना स्प्रिंग ज्यावर फिरते त्यात. नवं बेअरिंग दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलं. त्याने स्प्रिंग उतरवली, जुनं बेअरिंग काढून बोटांनी फिरवलं. गंज आणि चिखलाने ते जागच्या जागी बसलं होतं. नवं बसवून त्याने सगळं पुन्हा जोडलं आणि मोहिनीने गाडी मोकळ्या जागेत इकडून तिकडून वळवली. रखमाजी शेजारी बसला होता. त्याने हनुवटी वर केली नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"गेला, तात्या! पार गेला!"

त्याच्या लेखी गाडी कालही गप्प होती आणि आजही. त्याने तिच्या शब्दावर भरवसा ठेवला.

ती शिक्षिकांना आणायला गेली. तो रस्त्याकडे पाठ करून बसला आणि पाने-पक्कडी पुसू लागला. थोड्या वेळाने खांद्यावर हात पडला. भाकरी घेऊन आलेली त्याची बायको, अंबूबाई. हल्ली ती हाक न मारता अशीच जवळ येऊन खांद्याला हात लावायची. या वयात बायकोची माया वाढली म्हणून तो मनात सुखावायचा.

आज तो त्या हाताकडे बघत राहिला.

"तुला ठावं हुतं व्हय?"

तिने मान हलवली.

"लई दिस?"

"लई दिस."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सगळ्यास्नी सांगायचा की, कान माजं लई तिखट." तिने भाकरीचं फडकं सोडलं. "जेवा आता."

त्याला मान वर करवेना. किती हाका तिने मारल्या असतील, आणि उत्तर न आल्यावर किती वेळा निमूट चालत जवळ आली असेल, कुणास ठाऊक. ती त्याच्या समोर येऊन बसली, तोंड दिसेल अशी, रोज बसायची तशीच. त्याने भाकरी मोडली आणि आधी तिच्यापुढे धरली.