गोपिकाबाईची सुपारीएवढी चरबी

धावड्याच्या गोपिकाबाईचं पोट दोन वर्षांपासून दुखत होतं, पण एवढ्या मोठ्या पोटात थोडंफार दुखायचंच, असं तिची नणंद कडूबाई म्हणायची. कडूबाई नवरा वारल्यावर माहेरी राहायला आलेली. टोपल्यातल्या भाकरींवर तिचं बारीक लक्ष असे. "वैनी चोरून खाती," हे तिनं गावात इतकी वर्षं सांगितलं होतं की आता नवं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. गोपिकाबाईचा नवरा इंद्रभान यावर कधी काही बोलला नाही. तो अंगानं तुऱ्हाटीसारखा वाळका, आणि बोलण्यानंही तेवढाच.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर एका सकाळी अशी कळ आली की गोपिकाबाई म्हशीच्या गव्हाणीपाशीच खाली बसली. तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, ऑपरेशन ठरलं. वजन भरलं एक्क्याण्णव किलो. सिस्टरनं आकडा मोठ्यानं वाचला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वैजयंता नावाची तरुण डॉक्टर कागद घेऊन खाटेशी आली.

"मावशी, मी संशोधन करते. उद्या ऑपरेशनच्या वेळी तुमच्या पोटावरची थोडी चरबी मला द्याल का? सुपारीएवढी."

"सुपारीएवढीच?" गोपिकाबाई म्हणाली. "पाहिजे तेवढी घ्या की."

"तेवढीच पुरते. आणि नाही म्हणालात तरी ऑपरेशन होणारच."

अठ्ठेचाळीस वर्षांत त्या चरबीला कुणी मागणी घातली नव्हती. "काय करताल तिचं?" गोपिकाबाईनं विचारलं.

वैजयंता खाटेच्या कडेला टेकली. शरीर बारीक बारीक पेशींचं असतं, तिनं सांगितलं. प्रत्येक पेशीत एक कारखाना. तिथं प्रथिनं बनतात आणि कपड्यांसारखी त्यांची नीट घडी घालावी लागते. काम फार आलं की घड्या चुकतात, चुकलेल्यांचा ढीग साचतो आणि पेशी आरडाओरडा करायला लागते. याला ताण म्हणतात. जाड माणसाच्या चरबीत हा ताण जास्त असतो का, हे तिला बघायचं होतं.

"म्हंजी चरबी काम करून राह्यली?"

"दिवसरात्र."

गोपिकाबाईनं कडूबाईकडं पाहिलं. सोबतीला थांबलेली कडूबाई मोसंबी सोलत होती.

"ताडून बघायला बारीक माणसाचीही चरबी लागते," वैजयंता म्हणाली. "तीच मिळत नाही. विनाकारण कोण पोट कापून घेणार?"

तेवढ्यात इंद्रभान पाण्याची कळशी घेऊन आला. उजव्या हातात कळशी आणि डावा हात जांघेत दाबलेला. वैजयंताचं बोलणं थांबलं.

"काका, तिथं काय दुखतंय?"

"काई न्हाई."

"किती वर्षांपासून?"

"सात."

गोपिकाबाई उठून बसली. "अवो, तुम्ही तर वायू हाये म्हणले व्हते!"

तो वायू नव्हता, पेरूएवढा हर्निया होता. इंद्रभाननं तो सात वर्षं धोतराखाली पट्ट्यानं आवळून ठेवला होता. गोपिकाबाईच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्याचंही झालं. चरबी द्यायलाही तो तयार झाला आणि वैजयंताच्या कागदावर त्यानं अंगठा नाही, सही केली. वाचायला मात्र अर्धा तास घेतला. त्याच्या पोटात सुपारीएवढी चरबी शोधायला डॉक्टरांनाही बराच वेळ लागला म्हणतात. नवराबायको आठवडाभर शेजारशेजारच्या वॉर्डात पडून राहिले. लग्नानंतर एवढे दिवस दोघांनी मिळून आराम केल्याची ही पहिलीच वेळ.

वैजयंतानं निकाल सांगायचं कबूल केलं होतं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ती खरंच धावड्याला आली. ओसरीत सगळं घर जमलं.

"जितक्या लोकांची चरबी तपासली, त्यात जाड माणसांच्या चरबीत ताणाच्या खुणा जास्त निघाल्या," ती म्हणाली. "मावशींच्याही. काकांच्या कमी. असा ताण असला की पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत आणि साखर वाढते, असं दिसतंय. मावशी, तुमची साखर दवाखान्यातच काठावर होती."

"एवढं काम करती तर चरबी वाळती का न्हाई?" कडूबाईनं विचारलं.

"आधी जाडी की आधी ताण, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

"मंग कळलं काय?"

"चरबी आळशी नाही, एवढं कळलं."

मग तिनं वही काढून विचारलं, "मावशी, दिवसभरात काय काय खाता? खरं सांगा."

"सकाळी चहा. दुपारी एक भाकर, कालवण. रातच्याला एक."

"आणि?"

"अन् उरलेलं," गोपिकाबाई म्हणाली.

उरलेलं म्हणजे काय, तर घरात नऊ ताटं. इंद्रभान दोन्ही वेळा अर्धी भाकर टाकून उठायचा. नातवंडं भात चिवडून पळायची. कडूबाई भाकरीची कड तेवढी ठेवायची, दात दुखतात म्हणून. ताटं घासायच्या आधी गोपिकाबाई ते सगळं खायची. वैजयंतानं हिशोब केला. दिवसाला साडेतीन भाकरी वरच्या झाल्या. टोपल्यातून जाणाऱ्या भाकरी कडूबाईनं मोजल्या होत्या. ताटातून परत येणाऱ्या कुणी मोजल्या नव्हत्या.

"म्हशीला का नाही घातल्या?" वैजयंतानं विचारलं.

"मीच थापल्या," गोपिकाबाई म्हणाली. "चुलीपुढं बसून. म्हशीसाठी न्हाई थापल्या." आणि ती चहा टाकायला आत गेली. इंद्रभान आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला.

दुसऱ्या दिवशी जेवायला वाढताना तिनं एवढंच सांगितलं, "ज्यानं घेतलं त्यानं खायचं." इंद्रभान ताटापुढं पाऊण तास बसला आणि भाकर संपवूनच उठला. कडूबाई कड कालवणात भिजवून खायला लागली.

वैजयंतानं चालायलाही सांगितलं होतं. पण धावड्यात बाई काही कामाशिवाय रस्त्यानं चालली तर चार जणी विचारतात, कुणाच्या घरी काय झालं. म्हणून गोपिकाबाई रोज सकाळी रिकामी घागर घेऊन निघायची. महिनाभरानं तिला घागरीचाच कंटाळा आला आणि ती मोकळ्या हातानं निघाली. वर्षभरात आठ किलो उतरले. साखर होती तिथंच, काठावर.

"कुठं निघाली वं, गोपिकाबाई?" बाया विचारायच्या.

"कुठंच न्हाई," ती न थांबता सांगायची. "चालून राह्यले."