डब्यातली खळ

संजीव घरात शिरायचा तो हातातली पिशवी पुढे करून. जनाबाईला लेकाचं हेच खटकायचं. मौद्याच्या वीज केंद्रातून थकून आलेला माणूस पाय धुवील, पोरीची वही पाहील, ते नाही. पिशवीतून आइसक्रीमचा डबा काढायचा, नऊ वर्षांच्या धनश्रीपुढे ठेवायचा, की झाला बाप मोकळा. मग पोरगी जेवायला उठायची नाही ती नाहीच.

उन्हाळ्यात तिच्या मानेवर काळा पट्टा उमटला. जनाबाईनं मळ समजून बेसन-दही लावलं, खरखरीत पंच्यानं दोन महिने घासलं. पोरगी रडली, मान लाल झाली, पट्टा जागच्या जागी. शेवटी जनाबाई आणि सून मयुरी पोरीला धंतोलीतल्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई तपासण्या पाहून म्हणाली, "हा मळ नाही, आजी. आतून आलंय. लिव्हरवर चरबी चढली आहे. डब्यातलं, पाकिटातलं सगळं बंद करा."

 ज्या हातानं घासलं तो हात जनाबाई घर येईपर्यंत पदराखाली धरून बसली.

आठवडा झाला नाही तोच पिशवी पुन्हा पुढे.

"हे चालते, माय," संजीव म्हणाला. "चिप्स बंद केले ना? हे दुधाचं आहे. वर गाय छापली आहे, पाह्य."

"गाय मले दिसून राहिली. आत काय आहे ते पाहू दे."

तो आंघोळीला गेला. तिनं डबा पोरीपुढून उचलला आणि वितळलेलं थोडं चिमटीत घेऊन चोळलं. ते बुळबुळीत होतं, बोटं सोडेना. जनाबाईचा हात थांबला. कोष्ट्याची लेक ती, चाळीस वर्षं सुताला खळ लावलेली. खळ म्हणजे धागा ताठ करायची पेज. आधी घरच्या तांदळाची असायची, पुढे गोण्यांतून पांढरी पावडर यायला लागली. मेंदूआधी बोटांनी खळ ओळखली.

तिनं सुताचे दोन तुकडे घेतले. एक डब्यातल्या वितळलेल्या आइसक्रीममध्ये बुडवला, दुसरा घरच्या साखर घातलेल्या दुधात. दोन्ही खिडकीच्या गजाला टांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुधाचा धागा चिकट होऊन लोंबत होता. डब्यातला काडीसारखा ताठ.

"वाच वं, डब्यावर काय काय लिहिलं ते," तिनं नातीला बसवलं. आपल्या स्वयंपाकघरात असलेल्या वस्तूला एक बोट मिटायचं, असं ठरवलं. पाणी, साखर. दोन बोटं मिटली. मग पाम तेल, ग्लुकोज सिरप, इमल्सिफायर, फ्लेवर, स्टॅबिलायझर ४६६. तिसरं बोट उभंच राहिलं.

"हा आकडा कायचा?"

धनश्रीनं फोनवर शोधलं. जनाबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण पडद्यावरची ती तीन अक्षरं खळीच्या पावडरीच्या गोण्यांवर पाहून पाहून डोळ्यांत बसली होती. सीएमसी.

"आजी, सूत कडक करायलाही वापरतात म्हणे. माझ्या पोटात ताठ झालं असंल का?"

जनाबाईनं गजावरचा ताठ धागा सोडून घेतला.

संध्याकाळी संजीव आला, पिशवी पुढे. तिनं तो धागा त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. तो हसला.

"माय, खायचं वेगळं असते. सरकारची परवानगी आहे त्याले."

"सरकारच्या पोरीची मान काळी झाली काय?"

"एका पावडरीनं काही होत नाही."

"त्यानंच झालं असं मी कुठं म्हणून राहिली? आत घट्ट दूध असतं, त त्याले खळ काहून लागली असती? आत दूधच नाही गा. तेल, साखर अन् वास आहे, अन् ते एकमेकाले धरून ठेवाले ही खळ."

 तेवढ्यात चमचा वाजला. सगळं स्वतः वाचून दाखवणारी धनश्री डब्याचं झाकण काढून बसली होती. खाताना ती कोणाकडे पाहत नव्हती.

जनाबाईनं तिच्या हातून चमचा काढून घेतला. पोरीची बोटं सहज सुटली नाहीत. मग ती लेकाकडे वळली. आवाज चढवला नाही.

"तुले वाचता येते, संज्या, अन् तू वाचलं नाही. पोरगी हसली का तुह्यं काम झालं. तिनं काय खायचं ते आजपासून तू नाही ठरवणार."